मीठ नव्हतं ते

पौषात अळसांद्याच्या वेलांनी माना टाकल्या,
त्याही भर उन्हात नव्हे, सकाळी नऊलाच.
खालची पानं करकरीत,
वरची वीतभर मात्र
ओल्या सुतळीसारखी लोंबलेली.

मी दिवाडीचा. सदतीस वर्षं भूमापन खात्यात
साखळी ओढलेला माणूस;
नुकसान दिसलं की आधी हद्द बघतो.
हद्दीपलीकडे पिएदादचं भाट,
भाटाला लागून मानस,
मानशीची फळी जुनी.
म्हणजे खारं पाणी. म्हणजे मीठ.
म्हणजे पिएदाद.

बांधावर उभा राहून बोललो जे बोलायचं ते,
सर्व्हे नंबरासकट.
कोंबड्यांना कोंडा टाकत तिने ऐकून घेतलं,
मग म्हणाली, "माती जिबेर घालून पळय."

घातली. रात्री, कुणी बघत नाही असं बघून.
माती गोडी निघाली.

तिसऱ्या दिवशी तो सापडला,
शेंड्याच्या जरा खाली, काठीच्या मागल्या अंगाला.
मी वाकलो की तो पलीकडे,
मी पलीकडे तर तो अलीकडे,
मोजणीच्या दिवशी घरात नसलेल्या माणसासारखा.

अंगठ्याच्या पेराएवढा.
भाजलेल्या काजूच्या सालीचा रंग,
मिशांची टोकं तेवढी नारिंगी, पेटत्या विडीगत.
आधी वाटलं, भुंगेरा.
पण भुंगेऱ्याच्या पाठीवर मधोमध सरळ फट असते;
ह्याचे पंख एकमेकांवर तिरके,
रद्द केलेल्या तुकड्यावर
आम्ही नकाशात मारायचो तशी फुली.
पंख निम्मे चामड्याचे, निम्मे कांद्याच्या पापुद्र्याचे.
जबडा नाही,
म्हणूनच पानाला भोक नाही, कुरतडल्याची खूण नाही.
छातीखाली घडी घालून ठेवलेली एक सोंड:
देठात रोवायची,
आणि वरचा वेल पिऊन टाकायचा.
ढेकूणच की.
खाटेतल्याचा
सुखवस्तू, शाकाहारी चुलतभाऊ.

चिमटीत धरला, तर बोटांना वास:
कोथिंबिरीच्या जुडीत रॉकेल सांडल्यासारखा.
साबणाने गेला नाही. चिंचेने गेला नाही.
रात्री पेजेच्या वाटीपर्यंत आला.

मग मी नुसता बघत बसायला लागलो.
काठीवर अंडी दिसली, एका ओळीत,
कड्याला कडं लावून, आमच्या साखळीसारखी.
महिनाभर मुंग्या समजून
ज्यांच्याकडे काणाडोळा केला
ती त्याची पोरं.
आणि एकदा, एकाच काठीवर दोन नर,
मागच्या मांड्या पैलवानांच्या,
पाठीला पाठ लावून लाथाळी,
एकमेकांचं तोंडही न बघता.
घड्याळ लावलं. पाच मिनिटं.
एकजण उतरून दुसऱ्या काठीवर गेला.
पिएदादच्या नवऱ्याचं नि माझं अकरा वर्षं चाललं होतं,
वीतभर बांधासाठी;
तो गेला तेव्हा तारीख पडायची होती.

लोणच्याच्या बरणीत तीन घालून
तिच्या व्हरांड्यावर नेले.
म्हटलं, मीठ नव्हतं ते, हे होतं.
नाव काय ह्याचं?
तिने झाकण काढलं, नाक मुरडलं,
"हाका नांव ना रे, वास आसा."
मग चष्मा लावून कितीतरी वेळ बघितलं.
म्हणाली, फटफटायच्या आधी जा,
थंडीने ते आखडलेले असतात,
काठी झटक, खाली साबणाच्या पाण्याची बालदी धर.
आणि मोजत बसू नकोस.

मोजलेच. पहिल्या पहाटे एकेचाळीस.

रविवारी बरणी परत आली,
तिच्या नातवाच्या हाती, घासून, पुसून,
गळ्यापर्यंत जाड्या मिठाने भरलेली.
निरोप काही नव्हता.
झाकणाला तेवढा
अजून तो वास.